जोडीनं सायकलवर: सेवाग्राम ते वडसा

नवरा-बायकोनं मिळून लांब सायकल चालवायची असेल तर रस्ता आणि सायकल ठरवायच्या आधी एक गोष्ट ठरवा: पुढे कोण राहणार. ज्याचा वेग कमी, त्यानं पुढे राहायचं. आमच्या घरी ती मी. माझे हे उंच आहेत, कृषी केंद्रात खताची पोती उचलून अंग कसलेलं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझी उंची जेमतेम पाच फूट. जोरात चालवणारा पुढे निघाला की मागचं माणूस त्याला गाठायला दमछाक करून घेतं. पुढचा फाट्यावर थांबतो, पाणी पितो, मागचं पोचलं की लगेच पुन्हा टांग मारतो. म्हणजे ज्याला विसाव्याची जास्त गरज, त्यालाच विसावा मिळत नाही. पहिल्या दिवशी हे जाणवत नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा धरतो, मग चिडचिड सुरू होते आणि चौथ्या दिवशी येष्टीची चौकशी.

हळू चालवणारं माणूस पुढे असलं की दोघांचा वेग आपोआप एक होतो. मागच्याला दोन कामं नेमून द्या. मागून ट्रक आला की हाळी द्यायची, आणि पुढच्याच्या चाकात हवा कमी दिसली किंवा पिशवी एका बाजूला झुकली तर सांगायचं. दोन वेळा घंटी म्हणजे थांबा, एवढी एकच खूण पुरते. फाटा आला की पुढच्यानं थांबायचंच, रस्ता कितीही सरळ आणि ओळखीचा असो. या वाटेवर चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर-नागभीडच्या पट्ट्यात जंगलात मोबाईलची रेंज जाते, तेव्हा चुकामूक झाली तर एकमेकांना शोधण्यातच दुपार जाते. आणखी एक ठराव घरून निघतानाच करा. "आज इथंच मुक्काम" असं दोघांपैकी एकानं म्हटलं की दुसऱ्यानं कारण विचारायचं नाही.

सामानही याच हिशेबानं वाटा. बायकोचे कपडे बायकोकडे, नवऱ्याचे नवऱ्याकडे, असं करू नका. ज्याच्या पायात जोर त्याच्या कॅरिअरवर वजन जास्त. आमच्या यांच्याकडे हत्यारं, पंप, ट्यूबा, चादरी आणि दोघांचे कपडे असतात. माझ्याकडे पाणी, खाऊ, औषधं आणि कागदपत्रं. फक्त पैसे दोघांकडे ठेवा, आणि आधारकार्डही आपापल्याजवळ, कारण लॉजवर दोघांचीही मागतात.

लादलेली सायकल सपाट डांबरीवर ताशी १२ ते १४ किलोमीटर चालते. दिवसाला ४० ते ४५ धरा, त्यापेक्षा जास्त नको. डिसेंबरात इकडे सूर्य साडेसहानंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि या वाटेवरच्या जंगलात सूर्य मावळायच्या किती तरी आधी खाटेवर टेकलेलं असायला हवं. त्याबद्दल पुढे लिहितेच.

हंगाम दिवाळीनंतरचा, महाशिवरात्रीपर्यंत. त्यानंतर ऊन तापायला लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कोणीही सायकलवर निघू नये. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि नाल्यांवरचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात.

आता रस्ता. इंग्लंडमध्ये गावागावांतून जाणारे राष्ट्रीय सायकल मार्ग आहेत, त्यांच्या निळ्या पाट्यांवर मार्गाचा क्रमांक लिहिलेला असतो. तो आकडा धरून जोडपी कित्येक दिवस निवांत चालवत राहतात. आपल्याकडे तशी पाटी नाही, पण मैलाचा दगड आहे. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा. नारिंगी माथ्याचा दगड दिसला की तो ग्रामसडक योजनेचा गावरस्ता, आणि आपला रस्ता तोच. पिवळा दगड जितका टाळता येईल तितका टाळा. समृद्धी महामार्गाचा तर विचारच नको, तिथं दुचाकीला बंदी आहे. वरोरा-भद्रावती-घुग्घुस हा कोळशाचा पट्टा आहे, तिकडे ट्रकांची रीघ आणि काळी धूळ. मोठ्या रस्त्यावरून जायचीच वेळ आली तर सकाळी लवकर तेवढा तुकडा उरकून घ्या.

नकाशा मोबाईलवर आधीच उतरवून घ्या, पण रोज सकाळी चहाच्या टपरीवर विचाराच. अंतर विचारू नका, कारण मोटरसायकलवाल्याला सगळंच जवळ वाटतं. "काकाजी, या रस्त्यानं ट्रका किती असतात जी? पुलाचं काम चालू आहे काय? वाघाची काही खबर?" हे तीन प्रश्न विचारा. "अन् तुमी दोघं सायकलीनंच चालले काय?" असं ते विचारतीलच. तेव्हा घाईत उत्तर देऊन निघू नका. पाच मिनिटं बसलात तर पुढच्या गावातल्या कोणाचं तरी नाव मिळतं, आणि ते नाव संध्याकाळी कामी येतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा मार्ग सांगते: सेवाग्राम, हिंगणघाट, गिरड, चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. रोजचा टप्पा चाळिसाच्या आतबाहेर पडतो, त्यामुळे पाच दिवसांत आरामात होतं. सेवाग्रामला आदल्या दिवशीच पोचा. यात्री निवासात उतरा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला आश्रमात बसा. गांधीजी १९३६ साली या गावात राहायला आले, त्यांच्या कुटीची मातीची भिंत आणि बसकं छप्पर पाहून दुसऱ्या दिवशी पिशवीतलं थोडं सामान काढून ठेवावंसं वाटतं. खरोखरच काढा. हिंगणघाटपर्यंत दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तुरी. कापसानं फुगलेल्या गाड्या बाजारात निघालेल्या असतात, त्यांना पूर्ण रस्ता द्या, कारण बाहेर आलेला कापूस चालकाला मागचं काही दिसू देत नाही.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, सगळ्या जातीधर्मांचे लोक नवस फेडायला येतात. चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव झाला होता. गावातला हुतात्म्यांचा इतिहास तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकण्यासारखा आहे, त्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवा. चिमूर ओलांडलं की हळूहळू कापूस संपून धान सुरू होतं. बांध्या म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, बोड्या म्हणजे छोटी तळी, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यांच्या पाळीवर मोठाली झाडं. दुपारचा डबा खायला गावालगतच्या अशा पाळीपेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. या भागात कापणीनंतर शेतकरी अर्ध्या डांबरीवर धान वाळत घालतात. चाक त्यावरून नेऊ नका, उतरून कडेनं जा.

वाघाबद्दल नीट लिहिते, कारण बाहेरून आलेली माणसं एक तर फार घाबरतात नाही तर अजिबात विचार करत नाहीत. चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी हा ब्रह्मपुरी वनविभागाचा मुलूख आहे. इथले वाघ ताडोबाच्या हद्दीत बसून राहत नाहीत, गावाशेजारच्या जंगलात आणि नाल्याच्या झुडपातही असतात. दरवर्षी माणसं जातात. मोहफुलं वेचायला पहाटे वाकलेली बाई, तेंदूपानाला गेलेला माणूस, गुराखी, यांच्यावरच जास्त करून संकट येतं, कारण ती जंगलात एकटी, वाकलेली किंवा बसलेली असतात. म्हणून नियम असे. जंगलाचा तुकडा सकाळी नऊनंतर सुरू करायचा आणि चारच्या आत संपवायचा. दोघांनी अगदी जवळजवळ चालवायचं आणि बोलत राहायचं. जंगलात कुठंही खाली बसायचं नाही. विसावा उभ्यानं घ्यायचा.

बायकांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण लघवीला रस्त्याकडेच्या झुडपात बसणं हाच इथला सर्वांत मोठा धोका आहे. जंगल लागायच्या आधीच्या गावात थांबा. शाळा, पेट्रोल पंप, नाही तर कुठल्याही घरासमोर उभी असलेली बाई. "ताई, जरा आत येऊ काय जी?" एवढं म्हटलं की पुरतं, मला कोणी कधी नाही म्हटलेलं नाही. लघवी टाळायची म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्यानं दुखणं ओढवतं. शेतातही विचारल्याशिवाय शिरू नका. रानडुकरांसाठी झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या, तारा लावलेल्या असतात, आणि कुठं कुठं चोरून थेट लाईनची तारही सोडलेली असते.

समोर वाघ दिसलाच तर थांबा, दोघं एकमेकांजवळ या, सायकली आडव्या धरा. पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही, खाली वाकायचं नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका. मागच्या गावात गेल्यावर पोलीस पाटलाला किंवा वनरक्षकाला सांगा, म्हणजे तुमच्या मागून येणारा गुराखी सावध होतो.

सायकलीचं थोडक्यात सांगते. टायर निदान ३५ मिलिमीटर रुंद हवा, त्याहून बारीक टायर गिट्टीवर टिकत नाही. मागच्या चाकाचा सर्वांत मोठा गिअर ३२ किंवा ३४ दात्यांचा असावा, चढावर गुडघा वाचतो. हवेचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही गावातला पंक्चरवाला हवा भरून देतो. बारीक वॉल्व्ह असेल तर त्याला जोडायचं छोटं पितळी टोपण सोबत घ्या, नाही तर पंक्चरवाल्याचा पंप असून उपयोग नाही. पंक्चर इथं बाभळीच्या काट्यानं आणि सराट्यानं होतं. ट्रकला वाट द्यायला कडेच्या गवतात उतरलात की चाकात सराटे घुसलेच समजा. म्हणून कडेला जाताना सायकल ढकलू नका, उचलून ठेवा, आणि प्रत्येक थांब्यावर टायरवरून जाड कपडा फिरवून काटे काढून टाका. आत शिरायच्या आधी काढलेला काटा म्हणजे वाचलेली ट्यूब. तरी प्रत्येकी दोन ट्यूबा हव्यातच. कॅरिअरचे स्क्रू रोज संध्याकाळी आवळा, गिट्टीच्या रस्त्यानं ते ढिले होतात. सीटची उंची अशी ठेवा की पॅडल सगळ्यात खाली असताना टाच टेकली तर पाय सरळ होईल.

कपड्यांत मी गादीची चड्डी आत आणि वर सैल सलवार-कुडता घालते. गावात कुठंही बसायला-उठायला संकोच वाटत नाही आणि उन्हानं पायही भाजत नाहीत. काचू नये म्हणून रात्री आणि सकाळी खोबरेल तेल.

पोटाचं म्हणाल तर वर्धा जिल्ह्यात सकाळी तर्री-पोहे किंवा आलूबोंडा, पण लगेच चालवायचं असेल तर तर्री बेतानंच. हिवाळ्यात कोणाच्या घरी जेवायला बसलात तर तुरीच्या सोल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. पुढे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलाच्या धानपट्ट्यात, भात. भूक लागायच्या आधी खा, दर तासाला मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. पाणी प्रत्येकी तीन लिटर भरून निघा. चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पाच दिवसांत त्यानं काही होत नाही, तरी ग्रामपंचायतीचं आरओचं पाणी मिळतं तिथंच बाटल्या भरा.

मुक्कामासाठी तालुक्याच्या गावी लॉज असतो. बांधकाम विभागाचं विश्रामगृह हवं असेल तर आधीच कार्यालयात अर्ज द्या, आणि साहेब आले तर खोली सोडावी लागेल हे धरून चाला. लहान गावात सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्याकडे अंधार पडायच्या आधी जा, कोण कुठून आलो ते सांगा, ओळखपत्र दाखवा. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा किंवा गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर, काहीतरी सोय होतेच. सकाळी निघताना जागा झाडून निघा.

ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेचा पूल लागतो, तो ओलांडला की वडसा. कागदोपत्री देसाईगंज. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ही पेठ आहे. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर नाटक चालतं. वाटेत कुठं नाटक आहे असं कळलं तर त्याच गावात दिवसा पोचून मुक्काम करा, रात्री सायकलनं नाटकाला जाऊ नका. त्या दिवशी घराघरांत लेकी-जावई आलेले असतात, खोली मिळायची नाही, पण तणसीवर, म्हणजे धानाच्या वाळल्या काडावर, चादर टाकून झोपायला कोणी ना कोणी जागा देतं. जाड चादर त्यासाठीच घ्यायची, डिसेंबरात रात्री चांगलंच गारठतं.

परतीचा बेत निघायच्या आधीच करून ठेवा. वडसा स्टेशन गोंदिया-बल्लारशाह लाईनवर आहे. बल्लारशाहला गाडी बदलली की हिंगणघाट किंवा सेवाग्राम स्टेशनला उतरता येतं. प्रत्येक गाडी सायकल घेत नाही, म्हणून आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारा. नोंद झाली की पॅडल काढून पिशवीत टाका, हँडल आडवं फिरवून बांधा आणि नाव, फोन, उतरायचं स्टेशन पुठ्ठ्यावर मराठीत आणि हिंदीत लिहून दांड्याला घट्ट बांधा. गाडीत जमलं नाही तर वडशातून छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू गाडी, भाड्यानं मिळतो. परत जाणारी रिकामी गाडी सापडली तर भाडं बरंच कमी पडतं, आणि अशी गाडी शोधायची जागा म्हणजे धानाचा बाजार.