बुरुंडीचा झेंडा काढताय? या चुका टाळा

कॉलेजांच्या कार्यक्रमांसाठी मुलांकडून देशोदेशीचे झेंडे रंगवून घेण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. भारतासारखे तिरंगी पट्टे असले की काही बिघडत नाही. आफ्रिकेतल्या बुरुंडीची पाळी आली की घोळ ठरलेला.

सगळ्यात जास्त चुकतात ते तारे. मधल्या पांढऱ्या वर्तुळात तीन तारे असतात, वर एक आणि खाली दोन. प्रत्येक तारा लाल, त्याला हिरवी कड, आणि टोकं सहा. पाच नव्हे! एका वर्षी पुण्यातल्या एका कार्यक्रमात मी शेवटची तपासणी दुसऱ्यावर सोपवली. मुलांनी मोबाइलवर पहिलं दिसलं ते चित्र उतरवलं होतं. तारे पाच टोकांचे आणि लाल-हिरव्याची अदलाबदल. तिथे शिकणारा एक बुरुंडीचा मुलगा झेंड्यासमोर बराच वेळ उभा राहिला. काही बोलला नाही, फक्त बोटाने ताऱ्याची टोकं मोजली. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. आपल्या अशोकचक्रात कुणी बावीस आरे काढले तर आपल्याला काय वाटेल?

तेव्हापासून माझी सवय अशी: आधी पेन्सिलीने दोन्ही कर्ण, त्यावरून पांढरी फुली, मग वर्तुळ. वर आणि खाली लाल, डावीकडे-उजवीकडे हिरवा. तारा काढताना एक सुलट त्रिकोण, त्यावर एक उलट. आधी मोठा हिरवा तारा भरायचा, वाळू द्यायचा, मग आत लहान लाल. वाळेपर्यंत थांबायला कुणी तयार नसतं आणि रंग फिसकटतो. प्रमाण ३:५ ठेवा, ते १९८२ पासून आहे.

ताऱ्यांचा अर्थ लिहिताना एकच सांगून मोकळे होऊ नका. एकता, श्रम, प्रगती हे देशाचं ब्रीद त्यांत आहे, आणि हुतू, तुत्सी, त्वा हे तीन समाजही.

दुसरी चूक राजधानीची. जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बुजुंबुरा आहे, आणि ती पुस्तकं पाठ करणारे अजूनही तेच लिहितात. २०१९ पासून राजकीय राजधानी गितेगा आहे. टांगानिका सरोवराकाठचं बुजुंबुरा हे सगळ्यात मोठं शहर आणि आर्थिक राजधानी. गितेगा देशाच्या मध्यभागी आहे आणि जुन्या राजसत्तेशी जोडलेलं आहे. फक्त शहराचं नाव पाठ करणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. मी नकाशा उघडून दोन्ही गावांवर बोट ठेवायला लावतो.

बाकीच्या चुका लहान आहेत. शेजारचा रवांडा वेगळा देश. दोघे १ जुलै १९६२ ला बेल्जियमच्या ताब्यातून स्वतंत्र झाले एवढंच साम्य धरून झेंडे एक करू नका. देशाला समुद्रकिनारा नाही. देश बुरुंडी, भाषा किरुंडी.

आणि मधोमध ढोल असलेलं चित्र सापडलं तर तो आजचा झेंडा म्हणून लावू नका. तो राजेशाहीतला झेंडा. ढोल राजाचा, कार्येंदा नावाचा, आणि त्याच्यासोबत ज्वारीचं रोप होतं. नोव्हेंबर १९६६ मध्ये राजेशाही संपली तेव्हा ढोल काढला, रोप तेवढं राहिलं. मार्च १९६७ मध्ये त्या जागी हे तीन तारे आले.