कॉकाटील आणायचाय? आधी घर तयार करा

पक्षी, पिंजरा, दाणे अशी खरेदी एका रविवारात उरकायची, हा बहुतेकांचा बेत असतो. माझं म्हणणं, पक्षी सगळ्यात शेवटी आणा. त्याच्या किमतीपेक्षा घरातल्या सवयी बदलणं महागात पडतं, आणि ते तो यायच्या आधीच व्हायला हवं. नीट सांभाळला तर कॉकाटील, म्हणजे हा तुरेवाला छोटा पोपट, 15 ते 20 वर्षं जगतो. पहिलीतल्या लेकाच्या हट्टापायी आणलात, तर लेक नोकरीला पुण्याला गेला तरी पाणी बदलायचं काम आईच्याच गळ्यात राहणार. आईला आधी विचारा.

कायद्याचं थोडक्यात. आपला हिरवा राघू 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात ठेवता येत नाही, मग तो कुणी कितीही प्रेमाने देवो. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातला, काकाकुवाच्या कुळातला सगळ्यात लहान. आपल्याकडे विकतात ते पिंजऱ्यातच पैदास झालेले असतात आणि पाळायला आडकाठी नाही. पावती मात्र मागून घ्या.

आता हवा, आणि इथे मी जरा हटूनच बसणार आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. आपल्याला नुसता ठसका लागतो तेवढ्या धुराने त्याचा जीव जाऊ शकतो. सगळ्यात घातक म्हणजे नॉनस्टिक तवा. तो रिकामा गॅसवर राहून जास्त तापला की त्यातून निघणारा वायू आपल्या नाकाला कळतही नाही आणि दुसऱ्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत खाली पडतो. तेव्हा बिडाचा नाहीतर लोखंडी तवा काढा, नॉनस्टिक देऊन टाका. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, रूम फ्रेशनर यांतलं काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजऱ्याची खोली बदला, घरातल्या आजींशी वाद घालू नका. पावसाळ्यात आपल्या सांगलीतले कृष्णाकाठचे डास काही ऐकणारे नाहीत, म्हणून खिडक्यांना जाळी आधीच बसवून घ्या. खर्ड्याच्या मिरच्या भाजायच्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावायचं आणि मागची खिडकी उघडायची.

उलट्या बाजूनेही त्रास होतो. कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. काळ्या टीव्हीवर दोन दिवसांत थर दिसतो. घरात कुणाला दमा असेल तर ज्यांच्याकडे हा पक्षी आहे त्यांच्या घरी त्या माणसाला तासभर बसवा आणि मगच ठरवा.

पिंजरा उंच मनोऱ्यासारखा नको, गोल तर नकोच. पक्षी आडवा उडतो, म्हणून लांबी महत्त्वाची: एकट्यासाठी निदान दोन फूट, जमेल तितका मोठा. गजांमधली फट अर्धा इंच, फार तर किंचित जास्त. डोकं अडकेल एवढी नको. वेल्डरकडून जाळीचा करून घ्यायचा मोह होईल, पण जस्ताचा मुलामा तो चोचीने खरवडून खातो आणि त्याची विषबाधा होते. पावडर कोटिंगचा घ्या. आतल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावा. तळाला रद्दी पेपर पुरतो, रोज बदलायचा. त्यावरची शिट बघायची सवय लावून घ्या. पांढरा भाग, घट्ट भाग आणि थोडं पाणी असं तिचं रोजचं रूप डोळ्यांत बसलं की बिघाड लगेच कळतो. पिंजरा भिंतीला टेकून ठेवा, खिडकीच्या उन्हात नाही. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीला भिडतो.

मोकळा सोडायचा त्या खोलीतला सीलिंग फॅन हा मोठा वैरी. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी फॅन बंद, आणि बटणावर चिकटपट्टी, कारण बाहेरून आलेला पाहुणा आधी फॅनच लावतो. आरसा झाका, काचेला पडदा लावा, भरलेल्या बादलीवर झाकण ठेवा.

रात्री अंधारात हा पक्षी दचकून पिंजऱ्यात आपटतो, पंख फाडून घेतो. लुटिनो या फिकट पिवळ्या रंगाच्या प्रकारात हे जास्त दिसतं. बारीकसा रात्रीचा दिवा ठेवा, तोही इन्व्हर्टरवर. गणपतीच्या मिरवणुकीला आणि दिवाळीच्या फटाक्यांना आतली खोली ठरवून ठेवा. तुरा ताठ उभा म्हणजे घाबरलाय किंवा कान टवकारलेत, मागे चपटा करून फुत्कारला तर बोट लांब ठेवा.

खाण्यात नुसते दाणे पुरत नाहीत, आणि सूर्यफूल तर नावालाच. राळं, बाजरी, थोडी करडई हा पाया. पेलेट, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, मिळाले तर त्यांची सवय लावा. जोडीला शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, मोड आलेले ताजे मूग. राळ्याचं अख्खं कणीस टांगलं तर खेळणं वेगळं आणायची गरज नाही. तासगावचं एखादं द्राक्ष चालेल, पण फवारणी लक्षात ठेवून नीट धुवा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया वर्ज्य. आणि भडंग! सांगलीत पाहुणा आला की पहिला दाणा पक्ष्याला भडंगाचाच देतो. मीठ, लसूण, तेल, सगळं एकाच चिमटीत. घरात सर्वांना सांगून ठेवा. काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं चुन्याचं पांढरं हाड, आणून गजाला बांधा. मादी नर नसतानाही अंडी घालते आणि चुना कमी पडला तर अंडं अडकून दगावते.

डॉक्टर आत्ताच शोधा. गावोगावचे पशुवैद्य गाई-म्हशींत तरबेज, शंभर ग्रॅमच्या रुग्णाला हात लावायला कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही. आपल्याला जवळचं म्हणजे सातारा जिल्ह्यात शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय, पुढे पुणे. कोण पक्षी बघतं ते फोनवर विचारून नंबर पिंजऱ्याजवळ लावा. ग्रॅमचा काटा घ्या. साधारण 80 ते 110 ग्रॅम भरतो, आणि वजन दहा टक्के घटलं तर वाट बघायची नाही. आजारी पक्षी आजार लपवतो. फुगून तळाशी बसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

सांगलीच्या गावभागात किंवा नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी एक छोटा प्रवासी पिंजराही घ्यावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बोटीत मोठा पिंजरा कुणी घेत नाही. जुलै लागला की छोट्या पिंजऱ्यात आठवड्यातून एकदा दाणे खायला घालून सवय करा, आठवड्याचं खाद्य घट्ट डब्यात भरा आणि मिरजेतल्या का विट्यातल्या, कुठल्या नातेवाइकाकडे जाणार ते बोलून ठेवा. त्यांच्याकडे मांजर आहे का, हेही विचारा.

एवढं झालं की दुकानात जा. हाताने भरवावं लागणारं पिल्लू स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. स्वतः दाणे फोडून खाणारं, निदान दोन महिन्यांचं घ्या. नाकपुड्या कोरड्या, डोळे टपोरे, शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. इतक्या लहानपणी नर-मादी रंगावरून ओळखता येत नाहीत, दुकानदार छातीठोकपणे सांगेल तरीही. सकाळी आणा, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्याला खोली दिसेल. आणि त्याला तिथे जे दाणे घालत होते तेच अर्धा किलो बरोबर घ्या. पहिले पंधरा दिवस त्यातच नवं खाद्य थोडं थोडं मिसळायचंय.