दिसतं १०, असतं १०.४: स्प्रेडशीटमध्ये संख्या राउंड कशा कराव्यात

एक कोरी शीट उघडा. ए१ मध्ये १०.४ लिहा, ए२ मध्येही १०.४ लिहा आणि ए३ मध्ये दोन्हींची बेरीज घ्या. उत्तर येईल २०.८. आता तिन्ही सेल निवडा आणि वरच्या पट्टीतलं दशांश कमी करायचं बटण दाबा, टिंबापुढचे आकडे जाईपर्यंत. समोर दिसेल १०, १० आणि खाली २१.

बेरीज चुकलेली नाही. बटणाने फक्त आकड्याचा चेहरा बदलला. ए१ वर क्लिक करून फॉर्म्युला बारकडे पाहा, तिथे १०.४ जसेच्या तसे आहेत, आणि बेरीज त्यांचीच होते. मी एकदा असाच एक तक्ता बैठकीत सगळ्यांना वाटला होता. पाच मिनिटांत एकाने फोनवरचा कॅल्क्युलेटर काढला आणि विचारलं, "टोटल एकाने जास्त कशी?" नंतरचा अर्धा तास बाकीचे आकडे तरी बरोबर आहेत ना, यावरच गेला.

म्हणून सूत्राकडे वळण्याआधी एकच ठरवा: आकडा नुसता आटोपशीर दिसायला हवाय, की खरोखर बदलायला हवाय? नुसता दिसायला हवा असेल तर ते बटणच उत्तम. मूळ अचूकता शाबूत राहते आणि उद्या मत बदललं तर दशांश परत आणता येतात. पण राउंड केलेला आकडा पुढच्या हिशेबात जाणार असेल, किंवा वाचणारा तो स्वतः मिळवून बघणार असेल, तर सूत्र लागतं.

राउंडचं सूत्र

इथे सूत्रं देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, अक्षरांसाठीही आणि अंकांसाठीही. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की शीट स्वतःच यादी दाखवते, त्यातून निवडा.

१. मूळ आकडे बी रकान्यात आहेत असं धरू, बी२ पासून खाली. शेजारचा सी रकाना मोकळा ठेवा. मूळ आकड्यांवरच राउंड केलेले आकडे चढवू नका, पुढे कधीतरी ते लागतातच.

२. सी२ मध्ये लिहा: =राउंड(बी२, २). स्वल्पविरामावर शीट अडली तर त्याजागी अर्धविराम देऊन बघा. काही प्रादेशिक सेटिंग्जमध्ये तोच चालतो.

३. एंटर दाबा, मग सी२ च्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका धरून सूत्र खाली ओढा.

४. बेरीज सी रकान्याची घ्या, बी ची नाही. ही पायरी फार जण विसरतात, आणि मग सगळी मेहनत करूनही तो १०-१०-२१ चा घोळ तसाच राहतो.

५. सूत्र नको, नुसते आकडे हवेत? सी रकाना कॉपी करा आणि पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा.

कंसातला दुसरा आकडा म्हणजे किती दशांश स्थळं ठेवायची. १२३४.५६७ साठी २ दिले तर १२३४.५७ मिळतात, ० दिलं तर १२३५. खरी गंमत उणे आकड्यांत आहे: उणे आकडा टिंबाच्या डावीकडे सरकतो. -२ दिलं की १२००, -३ दिलं की १०००. मोठ्या आकड्यांचा अहवाल हजारांत मांडायचा असेल तर हे फार सोयीचं पडतं.

बरोबर मधोमध असलेला आकडा

२.५ चं काय करायचं? शाळेत शिकलो ते "पाच असेल तर वर". शीटमधलं राउंडही तेच करतं: २.५ चे ३, आणि -२.५ चे -३, म्हणजे शून्यापासून दूर. पण सगळे असं करत नाहीत. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत २.५ राउंड केले तर २ मिळतात. आणखी गंमत म्हणजे एक्सेलच्याच पोटात असलेल्या व्हीबीएमधलं, म्हणजे मॅक्रो (आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम) लिहायच्या भाषेतलं, राउंडही २ देतं. एकाच फाइलमध्ये सेल ३ म्हणतो आणि मॅक्रो २.

यामागे कारण आहे. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ घ्या, खरी बेरीज ८. प्रत्येक वेळी वर ढकललं तर १, २, ३, ४ मिळून १० होतात. अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायचं ठरवलं तर ०, २, २, ४ मिळून बरोबर ८. अर्धे फार येत असतील तर नेहमी वर ढकलल्याने बेरीज हळूहळू फुगत जाते. रोजच्या कामात याने फारसं बिघडत नाही, पण दोन ठिकाणची उत्तरं जुळत नसतील तर आधी इथे शोधा.

वर, खाली आणि पटीत

४० जणांना १२ आसनांच्या गाड्यांतून जायचंय. भागाकार ३.३३ येतो, राउंड ३ सांगतो आणि चार जण रस्त्यावर राहतात. इथे =राउंडअप(बी२, ०) हवं. उलट, २७० सेंटिमीटरच्या पट्टीतून ३५ सेंटिमीटरचे तुकडे कापायचे असतील तर भागाकार ७.७१. राउंड ८ म्हणेल, पण आठवा तुकडा निघणार कुठून? तिथे राउंडडाउन.

उणे आकड्यांशी मात्र जपून. राउंडअपमधलं "अप" म्हणजे शून्यापासून दूर, त्यामुळे -२.१ चे -३ होतात. पूर्णांक देणारी इंट आणि ट्रंक ही दोन सूत्रं धन आकड्यांवर जुळ्या भावांसारखे वागतात, पण -२.५ दिलं की इंट -३ देतं आणि ट्रंक -२.

ठरावीक पटीत राउंड करायला एमराउंड आहे. =एमराउंड(बी२, ५) ने ३७ चे ३५ होतात, ३८ चे ४०. दोन्ही आकड्यांची चिन्हं वेगळी असतील तर एक्सेल एरर दाखवतं. वेळेसाठी मला हे सूत्र सगळ्यात जास्त आवडतं. =एमराउंड(बी२, "०:१५") लिहिलं की १०:५२ चे १०:४५ होतात आणि १०:५३ चे ११:००. शीट वेळ दिवसाच्या अपूर्णांकात साठवते, त्यामुळे तिच्या लेखी पाव तास म्हणजे १/९६. उत्तर विचित्र दशांशात दिसलं तर घाबरू नका, सेलचा फॉरमॅट वेळेचा करा. पटीतच नेहमी वर जायचं असेल तर सीलिंग, खाली यायचं असेल तर फ्लोअर.

राउंड नेमकं कुठे करायचं

२.४६ आधी एका दशांशावर राउंड करा: २.५. मग पूर्णांकावर: ३. तेच २.४६ थेट पूर्णांकावर नेले तर २. मधल्या पायऱ्यांवर राउंड करत गेलं की असं होतं. कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. तो दिवसातून हजारो वेळा नव्याने मोजला जायचा, आणि दर वेळी तीन दशांशांपुढचे आकडे राउंड न करता सरळ छाटले जायचे. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो सुमारे ५२४ वर घसरलेला दिसत होता. हिशेब नीट केल्यावर तो १०९८ च्या घरात निघाला.

तेव्हा गणित चालू असताना हात लावू नका, शेवटच्या उत्तरावर एकदाच राउंड करा. अपवाद एकच: प्रत्येक ओळच स्वतंत्र अंतिम आकडा असेल आणि वाचणारा त्या ओळींची बेरीज करणार असेल, तर आधी ओळी राउंड करा, मग मिळवा. वेगळा रकाना नको असेल तर =समप्रॉडक्ट(राउंड(बी२:बी१०, २)) एका सेलमध्ये हे काम करतं.

टक्केवारीत तरीही पंचाईत होते. तीन समान वाटे म्हणजे ३३.३, ३३.३, ३३.३ आणि बेरीज ९९.९. कुणीतरी एक वाटा गुपचूप ३३.४ करतो. मी तसं करत नाही, तक्त्याखाली "राउंडिंगमुळे बेरीज १०० येत नाही" एवढी ओळ लिहितो.

दोन सापळे

एक्सेलमध्ये =(४३.१-४३.२)+१ लिहा आणि दशांश वाढवत न्या. ०.९ ऐवजी ०.८९९९९९९९९९९९९९९ दिसेल. संगणक आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो आणि ४३.१ त्यात नेमका मावत नाही. त्यामुळे "हे उत्तर ०.९ आहे का?" असं विचारणारी अट फसते. तुलना करण्याआधी राउंड करून घ्या, दहा दशांशांवर केलं तरी पुरतं.

दुसरा सापळा टेक्स्ट या सूत्राचा. तेही आकडा छान राउंड करून दाखवतं, पण हाती येतो तो मजकूर. त्या रकान्यावर बेरजेचं सम हे सूत्र लावलं की उत्तर ०. ओळखायची खूण सोपी आहे: सेलमधलं अलाइनमेंट बदललेलं नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे.