घरात तेलुगू, शाळेत मराठी: पहिलीतलं पोर वाचतं कसं करायचं

जून महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेच्या फाटकाशी एखादी तरी आई पोराचा हात धरून विचारतेच, "बाई, आता घरात बी मराठीच बोलू का ओ?" तिचं स्वतःचं मराठी विडी कारखान्यात आणि भाजीबाजारात कमावलेलं, गरजेपुरतं. मी पंधरा वर्षं एकच उत्तर देतेय: नका. घरात तेलुगूच बोला, आणि आत्तापेक्षा दुप्पट बोला. अक्कलकोटकडून आलेल्या कन्नड घरांनाही हेच सांगते.

कारण साधं आहे. गड्ड्याच्या जत्रेत आपण कसे हरवलो, कोण भेटलं, घरी आल्यावर कुणी रागावलं, हे जे पोर तेलुगूत ओळीनं सांगू शकतं, त्याच्याकडे 'आधी', 'मग', 'म्हणून' आणि 'पण' तयार असतात. ते मराठीत पुन्हा शिकावे लागत नाहीत, फक्त शब्द बदलावे लागतात. आईच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीवर वाढवलेल्या पोराकडे मात्र ना तेलुगूतली गोष्ट असते ना मराठीतली.

सुरुवात गप्पांनी

विड्या वळता वळता, भाकरी थापता थापता बोलायला कुठे वेगळा वेळ लागतो? "आज काय शिकवलं?" या प्रश्नाला सगळी पोरं "काही नाही" म्हणतात. त्याऐवजी "डबा कुणाबरोबर खाल्लास? तो का रडला? मग?" असं विचारा. तेलुगूतल्या पोडुपु कथा आणि कन्नडमधले ओगटु म्हणजे आपली कोडीच. रोज एक घाला. कोडं सोडवताना पोर शब्दांच्या आत डोकावतं, पुढे वाचताना तेच कामाला येतं.

अक्षराआधी कान

पाटी हातात द्यायच्या आधी दोन-तीन आठवडे नुसते टाळ्यांचे खेळ घ्या. भा-क-री, तीन टाळ्या. पा-णी, दोन. 'पा'नं सुरू होणारं आणखी काय? पाटी, पाल, पाय. हे तेलुगू शब्दांवर खेळलं तरी चालतं. शब्दाचे तुकडे ऐकायची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही उपयोगी पडते.

खरी अडचण ख, घ, ध, भ यांची. मूळच्या तेलुगू-कन्नड शब्दांत हे आवाज नाहीत, त्यामुळे 'भात'चा 'बात' होतो आणि 'घर'चं 'गर'. पोर लिहितानाही तसंच लिहितं आणि आपण लाल शाईनं गोल करतो. पण ती शुद्धलेखनाची चूक नाहीच, त्याला फरक ऐकूच येत नसतो. म्हणून आधी नुसतं ऐकवा: दार-धार, गर-घर, कार-खार. जोडीतला दुसरा शब्द आला की हात वर करायचा. पाच-सहा दिवसांनी तळहात तोंडासमोर धरून म्हणायला लावा. 'खार' म्हणताना हाताला वारा लागतो, 'कार'ला तेवढा लागत नाही. पोरांना हा खेळ इतका आवडतो की डबा खातानाही एकमेकांच्या तोंडासमोर हात धरून बसतात. 'ळ'ची काळजी मात्र करू नका, तो त्यांच्या घरचाच आहे. पाण्याला ते 'नीळ्ळु' म्हणतात.

अक्षरं क्रमानं नकोत

क-ख-ग-घ-ङ असा पाढा पाठ करून कुणी वाचायला लागत नाही. 'ङ' भेटतो तरी कुठे? म, क, ल ही तीन अक्षरं घ्या, सोबत 'आ' आणि काना. 'मामा', 'काका', 'काल', 'काम', 'कमल' तयार होतात आणि आठवड्याभरात पोर अख्खं वाक्य वाचतं: काल मामा आला. मग र, न, वेलांटी. एका वेळी तीन-चारच अक्षरं, आणि प्रत्येक वेळी त्यांचे शब्द.

रविवारी पोराला एसटी स्टँडवर न्या. पंढरपूर, तुळजापूर, इंदापूर, विजापूर. चौथ्या पाटीपर्यंत 'पूर' त्याला न शिकवता वाचता येतं.

'चूक' म्हणायचं नाही

तेलुगूत 'आई आली' आणि 'पेपर आला' दोन्हीकडे क्रियापद एकच, 'वच्चिंदि'. आता तवा 'तो' आणि भाकरी 'ती' हे त्या पोरानं कशावरून ओळखावं? नियम सांगू नका, नाम सुटं शिकवू नका. 'हा तवा, ही भाकरी, हे पीठ', असं जोडीनंच येऊ द्या.

पोर म्हणालं, "बाई, मी भाकरी खाल्लो," तर आपण म्हणायचं, "हो का? तू भाकरी खाल्लीस? कशाबरोबर?" योग्य रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. तसं पाहिलं तर 'मी खाल्लो' सोलापुरात मराठी घरांतही सर्रास ऐकू येतं. 'काय करलालास?' म्हणणाऱ्या गावानं त्यावरून पोराला हसू नये.

काही गोष्टी तर त्यांना आयत्या येतात. मराठीत 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं, हिंदीत दोन्हींना 'हम'. तेलुगूत मात्र 'मेमु' आणि 'मनम्' असा तोच भेद आहे. वर्गात एकदा हे फळ्यावर मांडलं, तर नेहमी मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी उठून मलाच उदाहरणं द्यायला लागली.

गप्प बसणारं पोर

नव्या भाषेत काही पोरं सुरुवातीचे काही महिने बोलतच नाहीत. ती ऐकत असतात, त्यांना उभं करून बोलायला लावू नका. मात्र घरच्या भाषेतही दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. दोन भाषांमुळे बोलणं अडलं असेल म्हणून वाट बघत बसू नका, दोन भाषांनी असं होत नाही.

तिसरीतला फसवा टप्पा

"बोलतो तर फाडफाड, मग परिसर अभ्यास का कळंना?" हा प्रश्न तिसरी-चौथीत येतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ सालापासून मांडलेला भेद इथे लागू पडतो: खेळताना-बोलताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकातली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तेव्हा 'बाष्पीभवन' आधी तेलुगूत समजावू द्या. ओल्या लुगड्यातलं पाणी वाळल्यावर जातं कुठे, हे अम्माला विचारून ये म्हणावं. दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला की मगच फळ्यावर तो शब्द लिहायचा.