मांजराला सोया-बदामाचं दूध चालतं का?

साधं, बिनसाखरेचं सोया, बदाम किंवा ओटचं दूध मांजराने चाटलं म्हणून विषबाधा होत नाही. पण ते त्याचं अन्न नव्हे. मांजर पक्कं मांसाहारी. त्याला लागणारं टॉरिन हे पोषक द्रव्य मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं की नजर जाते, हृदय कमजोर होतं. म्हशीच्या दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वाढ झालेल्या बऱ्याच मांजरांना पचत नाही. वनस्पतीच्या दुधात ते नसतं, फायदा एवढाच.

चव द्यायचीच असेल तर आधी खोक्यावरचे घटक वाचा. कोको, चॉकलेट, कॉफी किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) दिसलं तर थेंबही नको. साखर आणि व्हॅनिलाही कशाला? मांजराला गोड चव कळतच नाही. नारळाचं दूध तेलकट, त्याने पोट बिघडू शकतं. साधं वनस्पतीचं दूध एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, बशीत द्या. उरलेलं अर्ध्या तासात उचला. दिवसभरात उलटी किंवा पातळ शी झाली तर पुन्हा देऊ नका.

सोलापुरात शेंगदाणे घरोघरी असतात, त्यामुळे त्यांचं दूध घरीच काढता येतं. काळपट, कडवट, बुरशी धरलेले दाणे वेचून टाका. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. आणि लसूण घालून शेंगाचटणी फिरवलेलं मिक्सरचं भांडं नुसतं विसळून वापरू नका. लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला की मांजराला दूध नव्हे, पाणी हवं. चार किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण 200 मिली लागतं. कोरड्या कॅट फूडच्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, म्हणून नुसत्या दाण्यांवरच्या मांजराकडे जास्त लक्ष द्या. पसरट बशा दोन-तीन ठिकाणी, जेवणापासून आणि शीच्या ट्रेपासून लांब ठेवा. नळाला रोज पाणी येत नसलं तरी बशीतलं पाणी दोनदा बदला. मीठ, कांदा, लसूण न घालता शिजवलेल्या चिकनचं कोमट पाणी मांजरं आवडीने पितात.

बोका ट्रेमध्ये सारखा बसतोय, कुंथतोय आणि लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आईविना सापडलेल्या पिल्लाला मात्र वनस्पतीचं दूध एक वेळही नको, त्यावर ते जगत नाही. पिल्लांसाठीची दूध पावडर डब्यावरच्या मापाने कालवा, मनगटावर थेंब टाकून कोमट आहे ना पाहा आणि पिल्लाला पोटावर ठेवूनच बाटली द्या. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.