पाणलोटाच्या कामात नव्यानं येताय? आधी तोडीला जाणाऱ्यांची दारं गाठा

एमएसडब्ल्यू नाहीतर बीएस्सी ॲग्री करून पाणलोटाच्या प्रोजेक्टवर गावात जायची ऑर्डर हातात आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. पाणी वरून खाली अडवत यायचं ते माथा ते पायथा, सीसीटी म्हणजे डोंगरउतारावरचे समतल चर, गॅबियन म्हणजे जाळीत दगड भरून केलेला बांध, माती नाला बांध हे तुम्हाला शिकवलेलं असतंय, ते परत सांगत नाही. मी मांजरेच्या वरच्या अंगाला काम करतो, बालाघाटाच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात जिथं ही नदी उगम पावते त्या पट्ट्यात. इथलं पाणी खाली धनेगावच्या धरणात जातं आणि त्यावर लातूर शहर जगतं. २०१६ ला ते धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र धरणाकडं बघत होता, वरच्या बरड माळाकडं कोणीच बघत नव्हतं. मला त्याचा अजून राग येतो.

आता मी कुठं अडकलो ते सांगतो, जरा लांबेल पण वाचा. बीडमध्ये दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायला लागतात, कोयता घेऊन नवरा-बायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात त्या मार्च-एप्रिलला परत येतात. आणि माथ्यावरची हलकी जमीन बहुतेक करून याच लोकांची असते, कारण नदीकाठची काळी रानं ज्यांच्याकडं आहेत त्यांना तोडीला जायची पाळीच येत नाही. आता कामाचं वेळापत्रक बघा. २६ जानेवारीला ग्रामसभा, ठराव मंजूर, फोटो, आणि फेब्रुवारीत चर खोदायला सुरुवात. म्हणजे ज्यांच्या रानात चर पडणार ते त्या दिवशी कारखान्यावर कोपीत, म्हणजे तोडीच्या झोपडीत, आणि हात वर करणारे सगळे खालचे, ज्यांच्या विहिरींचं पाणी वाढणार.

आमच्याकडं नेमकं हेच झालं. एका घरचा म्हातारा गावात होता, तो हो म्हणाला, कागदावर अंगठा झाला, चर निघाले. एप्रिलमध्ये त्याची पोरं परतली, बघतात तर वावर उकरलेलं. थोरला एवढंच म्हणाला, "सर, रान आमचं हाय, इचारायला फोन बी नव्हता का?" चर बुजवले त्यांनी, ते बघून शेजारच्यांनीही बुजवले, आणि पहिला पाऊस तसाच वाहून गेला. नंतर सातबारा काढला तर जमीन म्हाताऱ्याच्या बापाच्या नावावर, वारसनोंदच नाही, एक भाऊ पुण्यात, बहीण सासरी. त्या एका अंगठ्यानं कोणाचीच संमती झाली नव्हती.

म्हणून दसऱ्याच्या आधी दारात जा, संध्याकाळी, नवरा-बायको दोघं असताना. सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या घ्या, नाव मयताचं असेल तर आधी तलाठ्याकडं वारसाचा अर्ज द्यायला लावा. तोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा, सीझनमध्ये तोच लागतो. ग्रामसभेचा ठराव पाहिजेच, पण तेवढ्यावर फावडं उचलू नका. आणि चर कुठून जाणार ते रानात पांढरी फक्की टाकून, रेघ मारून दाखवा. समपातळी शोधायची ए फ्रेम घेऊन जा, दोन काठ्या, आडवी पट्टी, वरून सुतळीला बांधलेला दगड, आणि खुणेवर सुतळी कशी येते ते त्यांनाच बघू द्या. स्वतःच्या हातानं रेघ मारलेला माणूस चर बुजवत नाही, हा माझा अनुभव आहे.

"माझी जागा जाणार, मला काय मिळणार?" हा प्रश्न येणारच. खरं सांगा. पाणी आधी खालच्याच्या विहिरीला दिसतं, वरच्याला नाही. वरच्याची माती थांबते, भरावावर सीताफळ लावता येतं, आणि रोजगार हमीतून काम निघालं तर एप्रिल-मेची मजुरी त्यालाच पहिली मिळाली पाहिजे, यासाठी ग्रामपंचायतीत तुम्ही भांडायचं.

पोकलेन लावून नदी खोल करा म्हणणारे लई भेटतील. माझं स्पष्ट मत आहे, वरचं काम झाल्याशिवाय नदीला हात लावू नका. वरून माती येतच राहते, केलेलं भरून जातं, आणि पाणी धरणारा मुरमाचा थर फोडला तर काठच्या विहिरींचं पाणी उलट नदीत उतरतं. ड्रोनचा नकाशा असला तरी गुराख्यासोबत एक पूर्ण दिवस माळ फिरा, पाणी कुठं वळतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, मला तरी त्याच्यासारखा गुरू ऑफिसात भेटला नाही. पाणलोटाचं काम झालेलं जालना जिल्ह्यातलं कडवंची गावही बघून या. तिथं १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासोबत काम उभं राहिलं. द्राक्षं आणि शेततळ्यांचे फोटो काढून परतू नका, बांध फुटला की दुरुस्ती कोण करतं आणि पैसे कुठून येतात ते विचारा.

पगाराचं सरळ सांगतो, मानधन उशिरा येतं आणि प्रोजेक्ट संपला की नोकरी संपते. घरी आधीच बोलून ठेवा. पण घाबरून सोडू नका, सुरुवातीला गाव विश्वास ठेवत नाही ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं, एक पावसाळा गावात काढला की लोक स्वतःहून चहाला बोलावतात.

आणि जानेवारीत जॉइन झालात, गाव रिकामं आहे, तरी वेळ वाया गेला असं समजू नका. सातबारे आणि गट नकाशा काढा, मार्चमध्ये आणि मेमध्ये विहिरींची पातळी टेपनं मोजून वहीत लिहा, आणि एप्रिलमध्ये जोड्या परतल्या, सामान उतरवून चार दिवस झाले की ती वही घेऊन त्यांच्या दारात जा.