फिसकारणारा, चावणारा वयस्कर कॉकाटील हातावर कसा आला: माझा अनुभव

परभणीत आमच्याकडे आलेला नऊ वर्षांचा कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट) पूर्वीच्या घरी कित्येक वर्षे जिन्याखालच्या पिंजऱ्यात एकटाच होता. हात जवळ नेताच तो तुरा डोक्याला चिकटवून फिसकारे, कोपऱ्यात दबे आणि बोट सापडल्यास रक्त निघेपर्यंत चावे. हातमोजे घालून धरणे आणि उपाशी ठेवून हातून भरवणे हे दोन्ही उपाय केले. पहिल्याने भीती वाढली, दुसरा तर धोक्याचाच होता. दोन महिने वाया गेले.

शेवटी पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकवून ठेवला. पहिला आठवडा मी रोज दोनदा पंधरा मिनिटे चार फुटांवर, त्याच्याकडे न पाहता, हळू आवाजात वर्तमानपत्र वाचत बसलो. नंतर त्याच्या वाटीतील सूर्यफुलाचे बी काढून ते केवळ बक्षिसासाठी राखले, बाकीचा आहार मात्र भरपूर ठेवला. तो शांत राहिला की "शाब्बास" म्हणून बी वाटीत टाकायचे आणि लगेच मागे सरायचे. माझ्या मते हे मागे सरणेच निर्णायक ठरले. तुरा चपटा झाला की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवत असे.

चौथ्या आठवड्यात त्याने गजांतून बाजरीचे कणीस खाल्ले. पुढे दार उघडून, कणीस तळहातामागे धरून, बोट पोटाखाली, पायांच्या किंचित वर स्थिर ठेवले. अकराव्या आठवड्यात तो आपणहून त्यावर चढला. पाठीला हात मात्र अजून लावू देत नाही.